मामंजींचं दीड तिकीट

मामंजी गावाहून बोटीनं आले ते परतीची तिकिटं काढूनच. एक आख्खं, एक अर्धं. अर्धं माझ्या लेकीचं. चपला काढायच्या आधीच सांगून मोकळे झाले, "चेडवाक घेऊन जातंय. तू दिसभर कामाक, तिका कोण बघतला?" तांदळाचं पोतं, नारळ आणि हा हुकूम, सगळं एकदमच उतरवलं माझ्या खोलीत.

मी तेव्हा पंचविशीची. वर्षापूर्वी कावीळ झाली आणि आठ दिवसांत हे गेले. लेक पाच वर्षांची. अंधेरीला रेडिओचे भाग बनवायच्या कारखान्यात मी तार गुंडाळायचे. केसाएवढी तार. तुटली की सुपरवायझर ओरडायचा, मग मी त्याच्यावर दुप्पट ओरडायचे. विधवेनं खालमानेनं राहावं, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे! मान खाली घातली की तार नीट दिसते, एवढाच तिचा उपयोग.

लेकीला सांभाळायची शेजारची मावशी. गावठाणातली ख्रिस्ती बाई, अंगावर लाल लुगडं, ओट्यावर कोंबड्या. सकाळी मी पोरीला तिच्या ओट्यावर ठेवायचे, संध्याकाळी उचलून आणायचे. दुपारचं जेवणही तिच्याकडेच. हे मामंजींना कळलं की संपलंच. पोर बोटीत बसलीच म्हणून समजा.

येतोय असं पत्र चार दिवस आधी आलं होतं. कशाला ते लिहिलं नव्हतं, पण मी काय दुधखुळी होते? मी पोरीची शिकवणी लावली. मावशीचं नाव काढायचं नाही. अंडं मागायचं नाही.

"मग मी दिवसभर कुठे असते?"

"शाळेत असते म्हणून सांग."

"खोटं बोलू?"

"बोल!"

अशी मी आदर्श माता.

आले ते रविवारी, माझ्या सुट्टीच्या दिवशी. मी बांगड्याचं तिखलं केलं, सोलकढी केली. आजोबा नि नात शेजारी शेजारी पाटावर बसले. मामंजींनी ताटाभोवती पाणी फिरवलं. आणि आमच्या बाईसाहेबांनी डोळे मिटले नि हात कपाळाला लावला, मग छातीला, मग एका खांद्याला, मग दुसऱ्याला. वाट लागली! सगळं पढवलं होतं, हे तेवढं राहिलं. रात्री ती पेंगत असतानाच मी तिला भरवायचे, तेव्हा कुठला क्रूस आणि कुठलं काय. मला पत्ताच नव्हता.

एवढ्यावर थांबली असती तरी बरं. पण नाही. खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा, जेवण दिलंस, बरं केलंस. माझ्या बाबांना सुखात ठेव." पुढे बाबांचं नाव. आडनावासकट, गावासकट. देवाचा उगाच घोळ नको.

ते नाव आमच्या घरात वर्षभरात कुणी उच्चारलं नव्हतं. मी तर एरवीही घेत नसे. नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं का? आमच्यात 'हे', नाहीतर 'अहो'. आणि बाकीचे माझ्यासमोर टाळायचे. तेव्हा नोव्हेंबर चालू होता, म्हणजे मावशीचा मेलेल्यांसाठी प्रार्थना करायचा महिना. तिनं मला एकदा नाव विचारलं होतं, तर मी "ते आपलं... ह्यांचं..." करत बसले. शेवटी तिनं ते परस्पर वाण्याच्या उधारीच्या वहीतून काढलं.

मामंजींचा घास हातातच राहिला. "खय शिकलंस गो ह्या?"

पोरीनं माझ्याकडे बघितलं. "शाळेत," म्हणाली. मग जरा विचार करून, "मावशीच्या शाळेत."

माझा ताबाच सुटला. पळी आपटून मी म्हटलं, "हो, मावशीकडेच असते. जेवतेही तिथेच. ती ख्रिस्ती आहे आणि माझ्या सख्ख्या बहिणीपेक्षा बरी आहे. पोरीला नेलंत, तर मी कामावरून घरी कुणासाठी यायचं, ते तेवढं सांगून जा!" सासऱ्यांपुढे आवाज चढवायची ही माझी पहिलीच वेळ. मामंजींनी हातातला घास तोंडात घातला. जेवले आणि हात धुतले.

दुसऱ्या दिवशी कामावरून धापा टाकत आले, तर मामंजी मावशीच्या ओट्यावर, कोंबड्यांच्या मधोमध, नारळ सोलत बसलेले! मावशी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "दुपारी म्हातारा पानाला हात लावीना. पोरीला म्हणतो, आधी नाव घे."

निघायच्या दिवशी अर्धं तिकीट त्यांनी माझ्या हातात ठेवलं. "ह्या फुकट गेला," म्हणाले. मग भिंतीकडे बघत, "थय माझ्या झिलाचा नाव कोण काढणा नाय. हय रोज निघता. चेडू हयच रवांदे." मला रडू आलं. आलं ते आलं, लपवलं नाही.

त्या संध्याकाळी आम्ही दोघीच जेवायला बसलो. लेक म्हणाली, "आज तू घे."

"अगं, आपल्यात घेत नाहीत."

"मावशी तिच्या नवऱ्याचं घेते."

मी डोळे मिटले. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांनी अडवलं होतं तेव्हा उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. आता उखाणा नव्हता, अडवायलाही हीच एक. मी नाव घेतलं.

"आडनाव राहिलं," लेक म्हणाली.

मग मी पुन्हा पहिल्यापासून घेतलं.