शेवंतीसाठी ट्यूब

"झाडासाठी ट्यूब?" दुकानदार हसला आणि आतल्या माणसाला ओरडून म्हणाला, "अरे, बाईंच्या झाडाला अभ्यास करायचाय, एक ट्यूब काढ!" रविवार कारंज्यावरचं विजेच्या सामानाचं दुकान, संध्याकाळची गर्दी, सगळे खो खो हसले. मला असा संताप आला म्हणता! पण गरज माझी होती. "पांढरी द्या, सगळ्यात लख्ख," एवढंच म्हणाले आणि ती लांबलचक ट्यूब रिक्षातून सांभाळत घरी आणली.

आई गेल्यावर वडिलांना मी माझ्याकडे नाशिकला आणलं होतं. जवळजवळ ओढूनच. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. आमचं घर नामपूरजवळच्या खेड्यात, तिथली शेती भाऊ बघतो. मी नोकरीमुळे नाशिकला. लग्न केलं नाही. त्यावरून बोलून बोलून नातेवाइकांची तोंडं दुखली, तेव्हा कुठे ते थांबले. तळमजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट मी माझ्या पगारातून घेतला होता. पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे आप्पांना मान खाली घालायला लागल्यासारखं वाटायचं. येताना त्यांनी दोन धोतरं आणि आईच्या पिवळ्या शेवंतीची कुंडी आणली. कुंडी एसटीत सगळा रस्ता मांडीवर.

आल्या आल्या त्यांनी ती कुंडी ग्रिल लावलेल्या गॅलरीत ठेवली, शेजारी स्वतःची खाट टाकून घेतली आणि आमच्या अहिराणीत जाहीर केलं, "इले फूल उनं, का मी आठेच ऱ्हासू." हिला फूल आलं की मी इथेच राहीन. आईचं झाड जिथे रमेल तिथे आपण राहायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. शुद्ध वेडेपणा! पण मी त्या वेडेपणाला धरून बसले, कारण मला ते घरात हवे होते. ऑफिसातून आल्यावर आपणच कुलूप काढायचं आणि आपणच "आले हं" म्हणायचं, याला मी कंटाळले होते. आता दार वाजवलं की आतून खोकल्याचा आवाज यायचा. मला तो खोकला फार आवडायचा, खरंच सांगते.

अडचण एकच, माझ्या गॅलरीला ऊन नव्हतं. समोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. म्हणून ती पांढरी ट्यूब. कुंडीच्या वर हातभर अंतरावर टांगली. महिन्याभरात पानं अशी फुटली की बघत राहावं. दाट, काळपट हिरवी. आप्पा रोज सकाळी चहाबरोबर विचारायचे, "कळी येल शे का व?" झाड त्यांच्या उशाशी, आणि कळी आली का ते मी सांगायचं! मी चष्मा लावून शेंडा न् शेंडा बघायचे. नसायची. दसरा गेला, दिवाळी गेली, गावातल्या शेवंत्या फुलून सुकल्यासुद्धा. आमच्या झाडाची फक्त पानं वाढत होती.

ऑफिसातल्या मैत्रिणीचा नवरा दिंडोरीकडे पॉलीहाऊसवर कामाला होता. तिच्याकडून निरोप आला की पांढरा उजेड पानांना, पिवळा फुलांना. ट्यूबच्या टोकाला बारीक आकडा छापलेला असतो तो बघा. पासष्टशे म्हणजे निळसर पांढरी, सत्तावीसशे म्हणजे पिवळी. मी खुर्चीवर चढून बघितलं, तर आमची पासष्टशे. मग पिवळी शोधायला निघाले. मिळेल तर शपथ! एक दुकानदार म्हणाला, "मॅडम, पैसे देऊन पिवळा उजेड कोण घेतं? लोक पांढऱ्यासाठी भांडतात." पिवळी सापडली ती सराफ बाजारात. तिथे काचेच्या कपाटात सोनं उठून दिसावं म्हणून त्या लावत असत. कपाटांची वायरिंग करणाऱ्या माणसाच्या मागे लागले, तेव्हा त्याने एक आणून दिली.

पांढरीशेजारी पिवळी लावली. गॅलरी लग्नघरासारखी दिसायला लागली आणि वरच्या काकूंनी खाली वाकून "काय कार्य आहे?" म्हणून विचारलं. त्या उजेडात आप्पांचे गाल भरल्यासारखे दिसायचे. मी स्वयंपाकघरातून उगाच डोकावून बघायचे. कळी मात्र नाही. मग आणखी एक पिवळी आणून दोन्ही पिवळ्या लावून बघितल्या. दांडे लांबले आणि झाड आडवं पडलं. पुन्हा एक पांढरी. आप्पा म्हणायचे पिवळीच ठेव, मी म्हणायचे पांढरी पाहिजे. एकदा त्यावरून दोन दिवस अबोला धरला आम्ही!

या ट्यूबा दिवसभर चालू असायच्या. आप्पा फक्त तिन्हीसांजेला त्या क्षणभर बंद करून पुन्हा लावायचे आणि उजेड पडला की हात जोडायचे. आमच्याकडे सगळे असेच जोडतात, बटण दाबलं तरी. दिवेलागणीला लावलेला दिवा जेवणं होऊन अंथरुणं पडेपर्यंत मालवायचा नाही, हा आईचा नियम. एकदा रात्रीच्या जेवणाआधी मीच बटणाला हात लावला, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "तिच्या झाडावर अंधार करतेस?" असं इतक्या कळवळून विचारलं की पुन्हा माझी हिंमत झाली नाही.

दुसरी दिवाळीही कोरडी गेली. भाऊबीजेला भाऊ आला. मी ओवाळलं, जेवणं झाली, आणि आप्पांनी पिशवी भरायला घेतली. "तुनी मायनं मन लागनं नही आठे," ते म्हणाले. तुझ्या आईचं मन इथे लागलं नाही. मी म्हटलं, "आप्पा, अजून एक वर्ष बघा ना." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. शेवंतीची तीन रोपं ओल्या फडक्यात गुंडाळून नेली. कुंडी ठेवून गेले, इतकं वाढलेलं झाड एसटीत कुठे मावणार? रिक्षा वळेपर्यंत मी फाटकात उभी होते आणि घरात येऊन खूप रडले.

त्यानंतर मी ऑफिसला निघताना ट्यूबा लावायचे आणि सहा-साडेसहाला घरी आले की आधी त्या बंद करायचे. त्या रिकाम्या खाटेवर पडलेला उजेड मला बघवत नव्हता. मधलं दार लावून घ्यायचे आणि आत कुकर चढवायचे. गॅलरी सकाळपर्यंत अंधारात. देवापुढचं निरांजनसुद्धा कधी लावायचे, कधी राहून जायचं.

संक्रांतीच्या आधी पाणी घालायला वाकले तर शेंड्यांवर कळ्या. एक-दोन नव्हे, मोजता येईनात इतक्या! मी वेड्यासारखी हसत मैत्रिणीच्या नवऱ्याला फोन केला, आभार मानायला. त्याने पहिल्यांदाच विचारलं, "ताई, रोज किती वेळ चालू असते ट्यूब?" आता सहा-साडेसहाला बंद करते, आधी झोपेपर्यंत असायची, असं सांगितल्यावर तो म्हणाला, "मग बरोबर आहे. शेवंतीला लांब रात्र लागते. आम्ही तर लवकर कळी धरावी म्हणून वरून काळं कापड ओढतो. उशिरापर्यंत दिवा ठेवला की ती फुलतच नाही, मग रंग कुठलाही लावा." फोन ठेवला आणि मी त्या खाटेवर बसून राहिले.

दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी सगळी फुलं उमलली, तेव्हा गावी फोन लावला. आप्पा कांद्याच्या लागणीवरून नुकतेच घरी आले होते. "फूल उनं, आप्पा," मी म्हटलं. त्यांनी लगेच विचारलं, "कोणती टूब लाई व?"

काय सांगणार होते मी? तुम्ही हात जोडून लावत होता, त्याच दिव्याने ते अडलं, आणि तुम्ही घरातून गेलात म्हणून फुललं, असं? "पिवळी," म्हणाले.

"मी सांगेलच व्हतं!" इतके खूश झाले की भावाला हाक मारून सांगितलं. लागण झाली की येतो म्हणाले. लागण झाली, मग कांदा काढणीला आला, मग त्यांचे गुडघे धरले, आणि पावसाळ्यात ते गेलेच. नाशिकला पुन्हा आले नाहीत.

खोटं बोलायचं होतंच तर ते मी पहिल्या वर्षीच का नाही बोलले? आप्पा दुपारी झोपले होते तेव्हा एक फूल आलं होतं, मांजरीने पाडलं, एवढं म्हटलं असतं तरी त्यांनी विश्वास ठेवला असता. ते माझ्याकडे राहिले असते.