काकांचा निळा स्फटिक

तापवून बघितल्याशिवाय बनारसमधल्या आमच्या दूधविनायक गल्लीतल्या शेजारच्या काकांचा देवावरसुद्धा विश्वास बसला नसता. विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. तांबं, निकेल असल्या धातूंना सेंद्रिय पदार्थांशी जोडायचं, त्यांचे देखणे स्फटिक करायचे, आणि मग तेच भट्टीत घालून सावकाश जाळायचे, हा यांचा उद्योग! आधी पाणी जातं, मग सेंद्रिय भाग जातो, शेवटी धातूची काळी पूड उरते. कितव्या अंशाला काय गेलं, ते बघत बसायचं. घरीही तेच. काकूंनी चहाचं आधण ठेवलं की हे मागून जाऊन गॅस बारीक करणार. ‘घाईनं तापवलं की कोण केव्हा गेलं ते कळत नाही,’ म्हणायचे. आम्ही चहाला गेलो की जेवूनच परतायचो. एका दिवाळीत माझा चिरोटा त्यांनी प्रयोगशाळेत नेऊन जाळला, आणि वर मोहन कमी पडलं म्हणून मला तोंडावर सांगितलं.

काकू बिचाऱ्या सगळं हसून सोसायच्या. त्यांना सोसायची नाही ती फक्त बनारसची लू, उन्हाळ्यातली ती भाजून काढणारी झळ. मे लागला की काका स्वतः त्यांची खुर्ची माठाजवळ सरकवून द्यायचे.

एकदा काकांच्या हातून तांब्याचा एक निळा स्फटिक असा काही उतरला की काकू हरखल्याच. देवघरात ठेवायला मला द्या, म्हणाल्या. उभ्या जन्मात त्यांनी नवऱ्याकडे मागितलेली ही बहुधा एकच वस्तू. ‘अगं, दुसरा करून देतो की,’ म्हणत काकांनी तो भट्टीत घातला.

दुसरा काही होईना. तांबं तेच, कृती तीच, पण दर वेळी तळाशी हिरवट भुकटी. निवृत्त झाले तरी काका प्रयोगशाळेत जात राहिले. काकू विचारायच्याही नाहीत, तेच काकांना जास्त लागायचं. गेल्या थंडीत काकू गेल्या. अजून जीव हळहळतो.

आणि होळीच्या सुमारास, प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात विसरलेल्या एका बाटलीत, तस्साच निळा स्फटिक आपसूक वाढलेला सापडला. काकांचा जुना विद्यार्थी आता तिथंच शिकवतो. भट्टी रिकामी बघून तो उत्साहानं म्हणाला, ‘सर, भट्ठी खाली है, लगा दें?’ काका बाटली खिशात घालून सरळ घरी आले आणि ती देवघरात ठेवली.

काल दुपारी मी कैऱ्या द्यायला गेले. बाहेर लू सुटलेली, आणि काका बाटली हातात घेऊन घरभर गार जागा शोधत होते. असल्या स्फटिकातलं पाणी उन्हाळ्यात आपोआप उडतं, रंग जातो, म्हणाले. शेवटी त्यांनी माठाजवळची काकूंची खुर्ची पुसली आणि बाटली तिच्यावर ठेवली.

‘इथं राहू दे,’ म्हणाले. ‘हिला लू सोसत नाही.’