ज्योतीचं घर कोणतं?

बातमी आली तेव्हा मी चिखलीच्या शाळेत सातवीचे पेपर तपासत होते. ‘बाळ आहे, ज्योती नाही,’ एवढंच तिचा भाऊ फोनवर म्हणाला. ज्योती माझी मावसबहीण. बाळंतपणानंतर तिचं रक्त थांबलंच नाही. दुसरबीडला रस्त्यालगत नवऱ्यासोबत चपलांचं दुकान चालवायची. कुणी फारच घासाघीस केली की म्हणायची, ‘भाऊ, मंग अनवाणीच जा ना!’ गिऱ्हाईक हसायचं आणि मुकाट्यानं घ्यायचं. अशी पोरगी जाते आणि आपण पेपर तपासत असतो, याचा मला अजूनही संताप येतो.

सातवा महिना सरता सरता तिचे तळहात-तळपाय खाजायला लागले. पुरळ नाही, गांधी नाहीत, तरी सगळ्यांनी पित्त उठलं असंच ठरवलं, कारण आपल्याकडे खाज म्हणजे पित्त. कडुनिंबाचं पाणी झालं, खोबरेल झालं. झोप उडाली होती तरी तिची थट्टा संपली नव्हती. मला म्हणाली, ‘ताई, तुले दोन पोरं झाले, तुले काऊन नाही खाजवलं?’ माझ्या आईला आणि मावशीला, म्हणजे ज्योतीच्या आईला, प्रत्येक खेपेला असंच व्हायचं. मावशीचं पहिलं बाळ तर पोटातच गेलं. पण आमच्यात हे इतकं अंगवळणी पडलेलं, की त्याला आजार कुणी म्हटलंच नाही.

खाज असह्य झाली तेव्हा सासू आणि मावशी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. हे मला मावशीनं नंतर सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, घरात आधी कुणाला गरोदरपणी असा त्रास झाला होता का? सासू म्हणाली, ‘नाही जी, आमच्या घरात कोणालेच नाही.’ ती खोटं बोलली नाही. मावशी तिथंच बाजूला बसली होती... गप्प. खाजेचं औषध मिळालं, पुढच्या खेपेला रक्त तपासू असं ठरलं. त्या खेपेआधीच ज्योतीला कळा सुरू झाल्या.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं झाल्यावर आम्हाला समजावून सांगितलं. काही बायकांच्या यकृतातून पित्त नीट बाहेर पडत नाही, ते रक्तात उतरतं. त्यानं खाज सुटते, बाळाला धोका होतो, कधी कधी रक्त गोठायचं थांबतं. हा दोष पुष्कळदा घराण्यातून येतो, एरवी कळतही नाही, गरोदरपणीच उघडा पडतो. म्हणजे होतं पित्तच. आमचा शब्द बरोबर होता, त्याचा उपयोग मात्र काहीच झाला नाही.

मी मावशीला विचारलं, तू का नाही बोललीस? ती म्हणाली, ‘मले वाटलं, डॉक्टर तिच्या घरचं पुसून राह्यले. इहीनबाई बोलत होत्या, मी काऊन मधात बोलू? लेक देल्ल्यावर माहं घर तिचं कसं राहीन?’ लग्नात रेशनकार्डावरून नाव काढलं, तसं रक्तातूनही निघालं असं आपण सगळेच धरून चालतो. मावशीवर रागवायला गेले आणि तिच्याच गळ्यात पडून रडले.

मागच्या रविवारी साखरखेर्ड्याला मावशीकडे गेले. ज्योतीची धाकटी बहीण मनीषा माहेरी आलीय, तिला पाचवा लागलाय. यावेळी मावशी स्वतः तिच्यासोबत दवाखान्यात गेली आणि कुणी विचारायच्या आत सगळं सांगून आली. आता रोज सकाळी ती मनीषाचे दोन्ही हात उजेडात धरते, खाजवल्याच्या खुणा आहेत का ते बघते. मी गेले तेव्हा ते झाल्यावर मावशी पाळण्याशी गेली. ज्योतीच्या लेकीची मूठ तिनं हळूच उलगडली आणि तो इवलासा तळवा बघत राहिली.

मी म्हटलं, ‘मावशी, तिले अजून लय वर्षं आहेत.’

‘हाव,’ मावशी म्हणाली. ‘पण तवा सांगाले मी असन काय?’