सगळीकडे चालणारी प्रस्तावना

मला माझ्याच एका परिच्छेदाची शिसारी आली आहे. 'शूरवीरांच्या रक्ताने पावन झालेल्या या भूमीचा इतिहास म्हणजे त्यागाची तेजस्वी गाथा होय', अशी त्याची सुरुवात. कोल्हापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी वीसेक वर्षं इतिहास शिकवतोय आणि दर जूनला हा परिच्छेद फळ्यावर लिहून देतो. निबंध किल्ल्यावर असो, बाजारपेठेवर असो की दुष्काळावर, वर हे झाकण बसवायचं. पोरं पाठ करतात. तपासणारेही आमच्यातलेच, ते खाली बरोबरची खूण ओढतात. सहामाहीचा गठ्ठा सोडला की साठ पेपरांत साठ वेळा तीच गाथा. एका पठ्ठ्यानं ती साखर कारखान्यांच्या इतिहासालाही लावली होती. मी त्यालाही मार्क दिले.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजांची निबंध स्पर्धा होती. विषय, 'आमच्या गावाचा इतिहास'. कुरुंदवाडच्या अलीकडच्या खेड्यातून एस.टी.नं ये-जा करणाऱ्या अकरावीच्या मुलीनं वहीतला निबंध कागदांवर उतरून आणला. पहिलंच वाक्य होतं: 'घाटावर सगळ्यांची धुणी-भांडी झाली की ते पाणी जिथं वाहत यायचं, त्या खालच्या अंगाला माझ्या पणजीनं जन्मभर प्यायचं पाणी भरलं.' आणि लगेच प्रश्न: आमच्यातलं कुणी वरच्या पायरीवर पहिल्यांदा कधी गेलं, आणि गावानं ते कसं चालवून घेतलं?

इतिहासाच्या निबंधाची सुरुवात याहून चांगली काय असते? कोण, कुठं आणि काय शोधायचंय, सगळं दोन वाक्यांत आलं होतं. मला ते कळलं होतं. कळलं नसतं तर आज स्वतःची एवढी किळस वाटली नसती.

मी म्हणालो, "परीक्षकांना हे झेपायचं नाही. सुरुवात जरा भारदस्त कर."

"सर, पणजीचं ऱ्हाऊ दे की. घरात सगळ्यांस्नी वाचून दावलंय."

"बक्षीस पाहिजे का नको?"

तिनं कागद माझ्यापुढे सरकवले. मी लाल पेनानं दोन्ही वाक्यं खोडली आणि वर माझं झाकण ठोकलं. सुरुवातच गेल्यावर पुढच्या पानांवर पणजीचं काय काम, म्हणून तिथूनही तिला काढली. उरलं देऊळ, यात्रा आणि तालीम. मुलीनं खाली मान घालून सगळं पुन्हा लिहून दिलं.

पहिला नंबर आला. आमच्याकडे बक्षीस समारंभात पहिल्या निबंधाची प्रस्तावना तेवढी स्टेजवरून वाचतात, पुढचं ऐकायला वेळ कुणाला आहे! मुलीचे वडील कामावर रजा टाकून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. नेमके माझ्याच शेजारी बसले. परीक्षकांनी घसा खाकरला आणि हात नाचवत तेजस्वी गाथा वाचली. टाळ्या पडल्या. "या वयात भाषेवर काय पकड आहे!" असंही वर म्हणाले.

वडील खुर्चीच्या कडेला सरकून ऐकत होते. परीक्षक कागद मिटून खाली उतरले तरी ते तसेच बसलेले. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "सर, माझ्या आज्जीचं पुढं येतंय न्हवं?"

मुलगी ट्रॉफी घेऊन आमच्यापुढे येऊन उभी राहिली होती. तिनं ते ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"हो, पुढे आहे," मी म्हणालो.

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. इतका मान मला त्या कॉलेजात कुणी दिलेला नाही. "मग एक झेरॉक्स द्या की सर. घरात माझी म्हातारी आई ऐकायला बसलीया."

"झेरॉक्स नको, बाबा," मुलगी म्हणाली. "घरात माझी वही हाय. तीच वाचूया."