पाच नंबरचा पत्रा

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की निवृत्तीनंतरही डोकं तापतं.

हुबळीच्या दुर्गदबैल भागातल्या एका मसाला गिरणीत मिरची कांडपाचं नवं यंत्र बसवलं होतं. त्याच्या फिरत्या पट्ट्यात कामावरच्या एका बाईचा उजवा हात सापडला आणि कोपरापासून गेला. पट्ट्यावर झाकण, म्हणजे गार्ड, नव्हताच. पंचनामा झाला, यंत्र सील केलं. गुन्हा निष्काळजीपणाचा होता. तो कुणाचा, एवढंच ठरायचं होतं.

यंत्र बनवणाऱ्या धारवाडच्या कारखान्याचा मालक न बोलावता वकील घेऊन ठाण्यात आला. इतका तत्पर माणूस दिसला की मी आधी खुर्ची देतो आणि मग संशय घेतो. त्याने संगणकावर केलेलं जुळणीचं ड्रॉइंग टेबलावर पसरलं. अशा ड्रॉइंगमध्ये यंत्राच्या प्रत्येक भागापासून एक बारीक रेघ निघते आणि रेघेच्या टोकाला गोलात अंक असतो. त्या धंद्यात त्याला बलून म्हणतात. त्या अंकांवरून भाग बनतात आणि जोडले जातात. या ड्रॉइंगवर गार्ड नव्हता, त्याचा बलूनही नव्हता. ड्रॉइंग करणारी मुलगी विसरली, आम्ही कागदाबरहुकूम बनवलं, असं मालकाचं म्हणणं.

मुलगी धारवाडमधल्याच सप्तापूरची. वडील निवृत्त शिक्षक, तेच तिला घेऊन आले. अपघात झाला त्याच दिवशी तिचा पासवर्ड बंद करून तिला घरी पाठवलं होतं. विसरल्याचं लिहून दे, वकील आणि जामिनाचं आम्ही बघतो, असा मालकाचा निरोपही आला होता. वडील काकुळतीला आले होते. त्यांनी माझ्यापुढे हात जोडले, तसे तिने ते खाली केले.

"अप्पा, हात जोडू नका. साहेब, गार्ड मी दाखवला होता, त्याला बलूनही लावला होता. विसरले असं मी लिहून देणार नाही. अटक करायची तर करा."

खोटं बोलणारा माणूस सुटायची वाट उघडी ठेवतो. हिने ती माझ्यादेखत बंद केली. माझा तिच्यावर विश्वास बसला, पण विश्वास कोर्टात दाखल करता येत नाही.

वरून फोन सुरू झाले. मुलीला अटक करा आणि प्रकरण मिटवा, असं एका वरिष्ठांनी गोडीत सांगितलं. मी म्हणालो, "लेखी आदेश द्या, सर." तो आदेश काही आला नाही. असे आदेश कधीच येत नाहीत.

मग कारखान्यातल्या कुणीतरी ठाण्यात फोन केला. कन्नडमध्ये एवढंच बोलला, की कागद मालकाचा आहे, लोखंड बघा. नाव न सांगता त्याने फोन ठेवला. मी मुलीला विचारलं, लोखंडात काय बघायचं? तिने सांगितलं की यंत्र सुटं करून गाडीने पाठवतात आणि गिरणीत पुन्हा जोडतात. जोडताना घोळ नको, म्हणून प्रत्येक भागावर बलूनचा अंक लोखंडी ठशाने ठोकलेला असतो.

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर गिरणीचं सील काढलं. कारखान्याचा डिझाईन सांभाळणारा मॅनेजर मालकाचा पुतण्या होता. त्याला ड्रॉइंग वाचायला लावलं आणि आमच्या हेड कॉन्स्टेबलला टॉर्च देऊन यंत्राखाली घातलं. एक, दोन, तीन, चार, दोघांचे अंक जुळत गेले.

"पाच, पुली," पुतण्या म्हणाला.

"आरु, सर," खालून आवाज आला. "पुलीवर सहा आहे."

फिटर प्यायलेला असेल, असं पुतण्याने लगेच सांगून टाकलं. मी पुढे वाचायला लावलं. कागदावर सहा, तर लोखंडावर सात. कागदावर सात, तर लोखंडावर आठ. शेवटपर्यंत तेच. प्यायलेला माणूस एखादा अंक चुकेल, पण ओळीने सगळे अंक एकेक घर पुढे कसा ढकलेल? कागदावरून एक भाग गायब झाला होता. संगणकातून भाग पुसला की पुढचे बलून आपोआप मागे सरकतात आणि जागा भरून निघते. लोखंडावर ठोकलेले अंक मात्र सरकत नाहीत.

पुतण्याला ठाण्यात समोर बसवलं. आवाजही चढवला नाही. फक्त विचारलं, "पाच नंबर कुठे आहे?" तो म्हणाला, "पेंटच्या शेडमागे." गार्ड बनला होता, रंग राहिला होता. गिऱ्हाईक घाई करत होतं, म्हणून मालकाने यंत्र तसंच पाठवलं. अपघातानंतर काकांच्या सांगण्यावरून पुतण्याने गार्ड ड्रॉइंगवरून पुसून जुन्याच तारखेचा कागद छापला. झडतीत गार्ड सापडला. कोपऱ्यात पाचचा अंक ठोकलेला होता.

आरोपपत्र काका-पुतण्यावर गेलं आणि पाठोपाठ माझी बदली आली. सामान बांधायची बायकोला सवय होती.

साक्षीसाठी मी हुबळीच्या कोर्टात परत आलो, तेव्हा मुद्देमाल टेबलावर मांडला होता. हात गेलेल्या बाईने गार्डचा तो वाकवलेला पत्रा डाव्या हाताने उचलला. सहज उचलला गेला. "इष्टेना?" ती म्हणाली. एवढंच? काका-पुतण्याला शिक्षा झाली.

कबुली हाती आली की तपास थांबतो, हे मी नोकरीभर पाहिलं. ती मुलगी त्या दिवशी वाकली असती तर तुरुंगात ती गेली असती आणि तो पत्रा भंगारात. आजही कुणी ओळखीचं येतं आणि विचारतं, साहेब म्हणतात सही कर, पुढचं आम्ही बघतो, काय करू? मी सांगतो, सही करू नकोस. पुढचं कुणी बघत नाही.