गयामावशीची काठवट

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बदनापूरच्या बाहेर, रेल्वे रुळांच्या पलीकडे असलेल्या आमच्या घरातली भाकरी गेल्या पाच आठवड्यांपासून गोल होत नाही. कधी ती लांबोडी होते, कधी तिला कान फुटतात, आणि एकदा तर तव्यावर अशी फाटली की तिच्यातून खालचा तवा दिसत होता. हा प्रकार माझ्या हातून घडला. संबंधितांनी नोंद घ्यावी आणि शक्यतो हसू नये. कारण भाकरी गोल करणारी बाई, आमची गयामावशी, गेली...

'आमचं घर' म्हणजे माझं नव्हे. माझं घर गावात आहे आणि तिथली भाकरी अजून गोल आहे, कारण तिथे मला चुलीजवळ कुणी फिरकू देत नाही. रुळांपलीकडच्या या घरात चौदा माणसं राहतात, आठ पुरुष आणि सहा बायका. सगळी जाणती, काहींचे केस पिकलेले. जन्मापासून त्यांची समज वेगळ्या चालीनं चालते. कुणाला अक्षर लागत नाही, कुणाला पैसा कळत नाही, कुणाला बोलायला शब्द पुरत नाहीत. आईबाप थकले किंवा गेले, म्हणून काही पालकांनीच मिळून हे घर उभारलं. बाहेर पाटीवर लांबलचक नाव आहे, ते आजवर कुणी पूर्ण वाचलेलं नाही. त्यांना सांभाळायला कागदावर सहा माणसं आहेत. कागदावरच आहेत. मी नऊ वर्षांत सहाच्या सहा माणसं एकत्र उभी पाहिली ती फक्त एकदा, एका फोटोत, आणि त्यातला एक फोटोवाल्याचा मदतनीस होता.

बातमी आली तेव्हा मी शाळेत होतो. अनुराधाताईंचा फोन आला. या ताई आमच्या संस्थेच्या सचिव आणि घरात राहणाऱ्या विमलची धाकटी बहीण. मावशी दोन दिवसांसाठी धावड्याला भावाकडे गेली होती. कितीतरी दिवसांनी घेतलेली पहिली रजा. सकाळी ओसरीवर चहा घेतला, बशी खाली ठेवली, आणि भिंतीला टेकली ती टेकलीच. ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही या. घरात सांगायचं कसं?" मी गेलो. भाषण करण्यात माझा हात कुणी धरत नाही, गणपतीत आणि निरोप समारंभात मला खास बोलावणं असतं. पण त्या चौदा जणांसमोर उभा राहिलो आणि तोंडातून शब्द फुटेना. शेवटी ताईच सरळ बोलल्या, "मावशी वारली. आता ती येणार नाही."  मग विमलनं विचारलं, "भाकरीचे गोळे किती करू?" ताईंनी तोंड फिरवलं. मी म्हणालो, "दोन कमी कर."

हे गोळ्यांचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण मावशी म्हणजे तेच. नऊ वर्षांपूर्वी मी या घरात नाटक बसवायला गेलो. एका रविवारसाठी, फक्त एका. हातात शाळेतली जुनी पितळी घंटा, खांद्यावर झोळी, चेहऱ्यावर समाजसेवेचं तेज. दारात एक ठेंगणी, काळीसावळी, मिश्रीनं दात काळे झालेली बाई कमरेवर हात ठेवून उभी. मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली, "काय करून राह्यला तू?" मी म्हणालो, "नाटक बसवतो." ती म्हणाली, "नाटक मंग बसव. आधी पाणी भर. भरणारा काल पळाला." मी पाणी भरलं. कांदे चिरले. दोघांची दाढी केली. संध्याकाळी निघालो तेव्हा नाटकाचा एक शब्दही झालेला नव्हता. मावशी पुन्हा दारात. "उद्या येऊन राह्यलास ना?" असं तोंडावर विचारल्यावर नाही म्हणायची माझ्यात धमक नव्हती. ती धमक नऊ वर्षांत आली नाही.

पुढे कळलं की ही तिची रीतच होती. कामाला आलेल्या कुणालाही ती 'कायमची राहशील का' असं कधी विचारत नसे. कायमचं म्हटलं की माणूस बिचकतो. ती रोज संध्याकाळी फक्त उद्याचं विचारायची, आणि तेही मोठ्यानं, सगळ्यांच्या देखत, म्हणजे उत्तर चौदा जणांना ऐकू जावं. "न्हाई यायचं तर न्हाई म्हण," ती बजावायची, "पण यांना सांगून जा. सकाळपासून दाराकडं बघत बसतेत." एक बाई दुपारी छत्री ठेवून बसस्टँडवर पान आणायला गेली ती परत आलीच नाही. ती छत्री दिगंबर तीन महिने रोज पुसून ठेवत होता.

दिगंबर माझ्यापेक्षा मोठा, पन्नाशी ओलांडलेला. मी आणलेली घंटा त्यानं पहिल्याच दिवशी ताब्यात घेतली. सकाळची घंटा, जेवणाची घंटा, संध्याकाळची घंटा, सगळं त्याच्याकडे. मी एकदा कौतुकानं म्हणालो, "मावशी, ही लेकरं किती गोड आहेत!" ती फणकारली, "लेकरं म्हणू नको. दिगंबर तुझ्या बापाच्या जागी न्हाई, पण थोरल्या भावाच्या जागी हाय बिलकुल. तुला कुणी लेकरू म्हटलं मास्तर, तर चालंल का?" खरं सांगायचं तर मला चाललं असतं. 

माणसं टिकत नसत, हे खरं. पगार तुटपुंजा, कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात चार पैसे जास्त मिळतात, शिवाय इथलं काम अंगावर येणारं. आम्ही कार्यकारिणीत बसून या प्रश्नावर गंभीर चर्चा करायचो, चहा प्यायचो, आणि पुढच्या बैठकीत पुन्हा तीच चर्चा करायचो. मावशी मात्र नवी बाई आली की तासाभरात सांगायची, "ही चार दिवसांची," किंवा "ही टिकंल." मला वाटायचं, अंगात येतं हिच्या. एकदा परतूरची एक बाई आली, प्रशिक्षण घेतलेली, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं, बोलणं मऊ, मन तर लोण्याचं. मी म्हणालो, ही दहा वर्षं राहणार. मावशी म्हणाली, चार दिवस. चहाची पैज लागली.

तर आमच्या स्वयंपाकघरात एक काठवट आहे. लाकडाची, उथळ, वापरून वापरून मधोमध गुळगुळीत झालेली. भाकरीचं पीठ तिच्यात मळतात. दोन्ही वेळच्या मिळून चाळीस भाकरी. मावशी त्या एकटीनं कधीच करत नसे. विमल गोळे करायची. ताजव्यात घातले तरी काटा हलणार नाही असे एकसारखे गोळे. बाबू नावाचा आमचा एक उंचापुरा, क्वचितच बोलणारा माणूस टोपलीत फडकं अंथरून भाकरी रचायचा. दिगंबर मोजायचा, आणि विसाव्या भाकरीला घंटा द्यायचा. मावशी फक्त थापायची आणि भाजायची. हे सगळं इतक्या सावकाश चालायचं की मला वाटायचं, या बाईला एकटीला सोडलं तर अर्ध्या वेळात आटपेल.

परतूरच्या बाईंनाही तेच वाटलं. मायेपोटी वाटलं. पहिल्याच सकाळी त्यांनी विमलच्या हातातून पीठ काढून घेतलं, "बस गं बाई, मी आहे ना." बाबूला टोपलीपासून उठवलं, दिगंबरला म्हणाल्या, दादा, तुम्ही आराम करा. झालं. विमल दिवसभर त्यांच्या पदराला धरून मागं मागं. बाबूनं रचलेली भांडी उतरवली, पुन्हा रचली, पुन्हा उतरवली. दिगंबर घंटा वाजवत सुटला तो थांबेना. चौथ्या दिवशी बाईंनी प्रमाणपत्र पिशवीत घातलं. जाताना मात्र प्रत्येकाला सांगून गेल्या, रडत रडत. भली बाई होती. मी पैज हरलो. चहा ओतत मावशी म्हणाली, "काम जास्त झालं म्हणून न्हाई पळाली ती. चौदा जणांच्या हातचं काम काढून घेतलं तिनं. मंग चौदा जण रिकामे, आन् सगळे तिच्याच अंगावर आले बराबर. तुझं नाटक तू एकटा करतो का रे?"

नाटकाचं विचाराल तर ते अखेर झालं. दिगंबर राजा, मावशी राणी, कारण त्या महिन्यातही कामाला बायका दोनच होत्या आणि दुसरी आजारी. पालक आले, गावातली चार मोठी माणसं आली. राजा युद्धाला निघाला, राणीनं ओवाळायला तबक उचललं, आणि स्वयंपाकघरातून वास आला. राणी म्हणाली, "थांब रे राजा, दूध उतू चाललं," आणि मुकुटासकट आत गेली. राजा थांबला. पाच मिनिटं थांबला, तलवार उपसलेली, पापणी लवली नाही. टाळ्या इतक्या पडल्या की मी पुढच्या प्रयोगात तो प्रवेश तसाच ठेवला.

मी तिला एकदा विचारलं होतं, इतक्या वर्षांत दुसरीकडे का गेली नाहीस? लग्नांच्या स्वयंपाकाला बोलावणी येत होती तिला. ती म्हणाली, "इथली माणसं खोटं बोलत न्हाईत, आन् भाकर उरवत न्हाईत." यापुढे तिनं आपल्या आयुष्याबद्दल काही सांगितलं नाही, आणि खोदून विचारलं की माझ्या हातात केरसुणी द्यायची.

ती गेल्यावर आठव्या दिवशी तपासणी झाली. आलेले साहेब सज्जन होते, त्यांनी भाकरीही खाल्ली, माझी, आणि चेहरा हलू दिला नाही. पण नियम नियमच. घरात मुक्कामी राहणारी बाई नाही, तर सहा बायकांना तिथे ठेवता येणार नाही. सध्या ताई मुक्काम करत होत्या, पण त्यांचंही घर आहे. महिनाभरात बाई नेमा, नाहीतर या सहाजणींची सोय दुसऱ्या जिल्ह्यातल्या संस्थेत करू, असं त्यांनी लिहून दिलं. विमल चोवीस वर्षं या घरात आहे. तिला पिठाचा डबा कुठं आहे ते माहीत आहे, बाबूची टोपली माहीत आहे. दुसऱ्या जिल्ह्यात तिला कोण ओळखणार... मी सगळीकडे चिठ्ठ्या पाठवल्या, शाळेत, देवळात, पिठाच्या गिरणीत. दोन बायका आल्या आणि गेल्या. मुदतीचे पाच दिवस उरले.

तेव्हा मीराबाई आल्या. शाळेच्या खिचडीचं काम करून हात तयार झालेले, मुलगी सासरी गेलेली, घरी एकट्या. दारातच त्यांनी सांगितलं, "सर, मी एका दिवसापुरती आल्ते. तुमच्या शब्दाखातर. उद्याचं धरू नका." मी म्हणालो, एक दिवस तर एक दिवस. त्या स्वयंपाकघरात गेल्या, पदर खोचला, आणि विमलकडे बघून मायेनं म्हणाल्या, "सरक गं बाई, मी करते जल्दी जल्दी."

 मला त्या क्षणी चार बोटं वर केलेली मावशी दिसली. मी पुढे होऊन समजावणार, छोटंसं व्याख्यान तयारही होतं, तेवढ्यात विमलनं काठवट दोन्ही हातांनी धरली.  मीराबाईंनी ओढली, विमलनं ओढली. पीठ दोघींच्या अंगावर. मी आयुष्यात फार कमी वेळा तोंड बंद ठेवलं आहे, त्यातली ही एक वेळ. मीराबाई थांबल्या. समोर ठेवलेला गोळा त्यांनी उचलला, हातात तोलला. दुसरा उचलला. तिसरा. मग विचारलं, "हे तू केले?" विमलनं मान हलवली. मीराबाई खाली बसल्या आणि थापायला लागल्या. बाबूनं फडकं अंथरलं. विसाव्या भाकरीला घंटा झाली तेव्हा त्या दचकल्या, तवा हलला, आणि बाबू मोठ्यानं हसला. मावशी गेल्यापासून पहिल्यांदा.

जेवणं झाली. काठवट धुऊन विमलनं ती नेहमीच्या जागी, खिडकीखाली भिंतीला उभी करून ठेवली. मावशी पीठ जिथून पुढं ढकलायची तिथं, एका कडेला, तिच्या तळहाताएवढा झिजलेला भाग आहे. उन्हात तो अजून चकाकतो. मी रोज तिकडे बघतो, आणि रोज मला तिथून कुणीतरी म्हणतं, मास्तर, उभा काय राह्यला, पाणी भर.

संध्याकाळी मीराबाईंनी पिशवी उचलली, चपला घातल्या. मी निरोपाचं, आभाराचं जुळवत होतो. दारात दिगंबर उभा होता. एका हातात घंटा, दुसरा हात कमरेवर, अगदी तसाच. बाकीचे तेरा मागं. मीराबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. दिगंबरनं विचारलं, "उद्या येऊन राह्यलीस ना?"

नकार त्यांच्या ओठांवर होता, मी शपथेवर सांगतो. त्यांनी तोंड उघडलं, विमलकडे पाहिलं, आणि भलतंच बाहेर पडलं.

"येते की बाबा, कपडे घेऊनच येते! पण आधीच सांगून ठेवते, भाकरी मी एकटी न्हाई करणार!"