पिकअपचं नाक वर, आत्या लातूरला

लोक लडाखला जातात आणि ब्लॉग लिहितात. मी मुदखेडहून लातूरला गेलो, तेही पिकअपने, मागे लोखंडी कॉट, गॅसची शेगडी आणि ज्वारीचं पोतं टाकून. तरी लिहितोय, कारण पुढचे शॉकअप बदलून गाडी लेव्हल कशी करायची हे विचारणारे तुम्हीच आहात. शिवाय मी इतका दमलोय की बसून राहायला काहीतरी निमित्त हवंच होतं.

आधी जायचं का ठरलं ते सांगतो. माझी मुलगी ऋतुजा लातूरला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या क्लासला आहे. होस्टेलवर राहायची. दिवाळीनंतर तिचे फोन बदलले. आधी मेसच्या भाजीची तक्रार, मग झोप येत नाही, मग नुसतंच रडणं. शेवटी म्हणाली, "बाबा, कुणीतरी माझ्याजवळ येऊन राहा. नाहीतर मी घरी येते. मला एकटीला नाही जमत." लातुरात हे काही नवीन नाही. निम्म्या गल्ल्यांमध्ये कुणाची आई, कुणाची आजी खोली करून राहिलेली असते, पोरगं क्लासला आणि म्हातारी चुलीपाशी. पण माझी बायको वर्षा जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका, आणि माझी झेंडू-गुलाबाची शेती. सकाळी तोडलेलं फूल नांदेडच्या बाजारात पोचलं नाही तर दुपारी ते बकऱ्यांना घालायचं. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो, तेव्हा आत्या दारातून म्हणाली, "मी जाते की."

आम्ही दोघांनी एकदम मागे वळून बघितलं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिचं सासर औसा तालुक्यात. मी शाळेत होतो तेव्हा माझ्या आईच्या आजारपणात ती आमच्याकडे आली होती आणि ती इकडे असतानाच तिकडे भूकंप झाला. घरात तिचा नवरा होता आणि दहावीतली मुलगी सुमन. दोघंही गेले. आत्या तेव्हापासून आमच्याकडेच आहे. स्लॅबखाली झोपत नाही, अंगणात तिच्यासाठी पत्र्याची खोली काढलीय. उशाशी भरलेला तांब्या असतो. मध्येच उठून पाणी हलतंय का ते बघते. लातूरच्या दिशेला ती फक्त एकदा निघाली होती, गेल्या वर्षी, एका लग्नाला. ऋतुजा बारावीच्या परीक्षेमुळे घरी थांबली, मी, वर्षा आणि आत्या असे तिघं पिकअपने निघालो. लोह्याला आत्या म्हणाली, "गाडी वळीव. लई हादरती. पुढं ढकलून दिल्यावानी होतंय." मी वळवली. ते हुकलेलं लग्न वर्षा मला अजून ऐकवते.

आत्याचं म्हणणं गाडीपुरतं खोटं नव्हतं. भाड्याने केळीचे घड भरायचे म्हणून मागे मी स्प्रिंगचा ज्यादा पाटा टाकून घेतला होता. त्यामुळे मागची बाजू उचललेली आणि नाक खाली. पुढचे शॉकअप तर कधीच मेलेले. खड्डा आला की पुढे बसलेला माणूस देवाला नमस्कार केल्यासारखा वाकायचा. मी ठरवलं, आधी हे दुरुस्त करायचं. गाडी हादरली नाही तर आत्या उतरणार नाही. आत्या उतरली नाही तर पोरगी टिकेल. हिशोब सरळ होता.

पहिला दिवस नांदेडात गेला. देगलूर नाक्याकडे गॅरेजांची रांग आहे. माझे मिस्त्री रशीदभाई. त्यांनी गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, कायको खर्चात पडून राहिलाव? स्प्रिंगच्या डोक्यावर चकती टाकतो. नाक वर. चहा पिऊन होईस्तोवर काम खलास."

"चकतीनं नाक वर येईल, हादरे तेच राहतील," मी म्हटलं. "मला म्हातारं माणूस न्यायचंय."

"मग एसटीनं न्या!"

तर वाचकहो, चकतीच्या मोहात पडू नका. उंची वाढते, पण जुना शॉकअप तसाच राहतो आणि धक्का थेट कमरेत बसतो. मी गॅसचे नवे शॉकअप घेतले. यांच्या अंगावर खाचा असतात. स्प्रिंग ज्या वाटीवर बसते ती वाटी वरच्या खाचेत अडकवली की तेवढं नाक वर येतं. दुसरं म्हणजे मोजमाप भरल्या गाडीवर करा, रिकाम्या नाही. मी कॉट, शेगडी, पोतं घेऊनच गेलो होतो. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावायचा, पुढे आणि मागे. रशीदभाईंनी पहिल्यांदा वाटी एक खाच जास्त वर बसवली आणि गाडी भुंकणाऱ्या कुत्र्यासारखी तोंड वर करून उभी राहिली. परत जॅक, परत सगळं खोल. तोवर मी समोरच्या टपरीवर तहारी, म्हणजे पिवळा मसालेभात, खाल्ली, चहा प्यालो, परत चहा प्यालो. संध्याकाळी अलाइनमेंट करून घेतली. तीही टाळू नका, नाहीतर टायर एका बाजूने झिजतात. हेडलाईटही खाली करून घ्या, पुढची बाजू उचलली की उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो आणि तो शिव्या देत आपल्या आईवर येतो. सगळं मिळून एका बऱ्यापैकी मोबाईलएवढा खर्च आला. कंबर माझीच मोडली, नुसतं बाकड्यावर बसून.

दुसऱ्या दिवशी फुलं शेजाऱ्याच्या टेम्पोत चढवली आणि आत्याला घेऊन निघालो. वर्षाची शाळा होती. आत्या पुढच्या सीटवर, मांडीवर तांब्या. मी म्हटलं, "झाकण तरी लाव." ती म्हणाली, "मग दिसंल कसं?"

नांदेड ओलांडून विष्णुपुरी, सोनखेड, लोहा असा रस्ता आहे. आता चौपदरी झालाय, चांगला आहे, पण गावागावांतून बाहेर येणारे ट्रॅक्टर उलट्या बाजूने येतात, तेव्हा झोपू नका. मला झोप येत होती, खरं सांगतो. आठवडाभर पहाटे फुलं आणि वर काल दिवसभर गॅरेज. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. लोहा जवळ आलं तशी मात्र झोप उडाली. मी आत्याकडे न बघता गाडी चालवत होतो. गेल्या वर्षी जिथून वळलो तो फाटा आला, गेला. माळाकोळी आली. आत्या काही बोलली नाही. मला इतका आनंद झाला की रशीदभाईंना फोन लावावासा वाटला.

अहमदपूरला थांबलो. भजी गरम आणि मिरच्या त्याहून गरम. चहा देणाऱ्या बाईने विचारलं, "लातूरला का? पोरीला सोडाया?"

"पोरीपाशी राहाया," आत्या म्हणाली.

"डॉक्टर होणार मंग!"

"व्हईल न्हाईतर न्हाई. आधी जेवली तर पाहिजे."

तांब्यातलं पाणी फारसं सांडलं नव्हतं. मी ते दाखवून म्हटलं, "बघ, नवे शॉकअप." आत्याने मान हलवली. शिरूर ताजबंद, चाकूर मागे टाकलं. त्या बाजूला तिने कित्येक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. ती खिडकीतून तुरीच्या रानांकडे बघत होती. मला वाटलं रडेल, पण तिने डबा उघडून मला धपाटं दिलं.

लातुरात शिरलं की आधी डाळ मिलचा कोरडा वास येतो आणि मग क्लासचे बोर्ड सुरू होतात. प्रत्येक खांबावर हसणारी मुलं आणि त्यांचे मार्क. क्लास सुटायच्या वेळेला त्या भागात चारचाकी नेऊ नका, सायकली आणि स्कुट्यांमध्ये गाडी अडकते. मी नेली. खोलीपर्यंत पोचायला जितका वेळ लागला तेवढ्यात आम्ही चाकूरला परत गेलो असतो.

आणि तिथे माझी अक्कल उघडी पडली. खोली मी फोनवरून, एका ओळखीच्या माणसाकडून ठरवली होती. स्वस्त, क्लासजवळ, पाण्याची सोय. किती मजले चढायचे हे विचारलंच नव्हतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, डोक्यावर जाडजूड स्लॅब, त्यावर पाण्याच्या टाक्या. आदला अख्खा दिवस मी शॉकअपच्या खाचा मोजत होतो आणि आत्या झोपणार कुठे याचा विचार केला नव्हता.

ऋतुजा जिन्यातच आत्याला बिलगली. पोरगी वाळली होती. आम्ही वर आलो आणि तेवढ्यात कुणीतरी खाली मोटर चालू केली. भिंत थरथरली. आत्याने तांब्या फरशीवर ठेवला होता, त्यातलं पाणी शहारलं. तिघांनीही ते पाहिलं.

ऋतुजा पांढरी पडली. म्हणाली, "आत्याआजी, तू नको राहू इथं. मी करेन काहीतरी. खरंच." आणि हे म्हणताना तिने आत्याचा पदर घट्ट धरून ठेवला होता.

मी आत्याला बाहेर गॅलरीत नेलं. म्हटलं, "आत्या, खालच्या मजल्यावरची खोली मिळते का बघतो. आज नाहीच मिळाली तर तुला परत नेतो. माझं चुकलं. गाडी दुरुस्त केली आणि खोली बघितली नाही. लोह्याला तू हादऱ्यांमुळं गाडी वळवायला लावलीस, आणि मी तुला असल्या ठिकाणी आणलं."

आत्या माझ्याकडे बघत राहिली, मी शाळेत नापास होऊन आलोय अशा नजरेने.

"हादऱ्यानं न्हाई वळवाया लावली मी."

"मग?"

"पोरगी घरी एकली होती की. आपण तिघंबी लग्नाला निघालो, अन् ती एकली घरात. तुमाला सांगितलं असतं तर हसला असता. म्हून गाडीवर ढकललं."

ती पुढे म्हणाली, "सगळे म्हणत्यात म्हातारी हादऱ्याला भिती. मी हादरा बघितलाच कुठं? मी तर तुमच्या घरी होते. सुमी आत होती, अन् मी मुदखेडला तुझ्या आईला पेज करून देत होते." तिने पदराने तोंड पुसलं. "हलू दे बिल्डिंग. ह्या वक्ताला मी जवळ हाय. जा, कॉट वर आण."

कॉट तीन मजले चढवताना माझा घाम निघाला आणि मी रडत होतो हे त्यात खपून गेलं. शेगडी जोडली. आत्याने आल्या आल्या भाकरी टाकली आणि ऋतुजा परातीपाशी बसूनच जेवली, कालवण व्हायचीही वाट न बघता. तिसरी भाकरी मागितली तेव्हा आत्याने माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही. मुक्काम मी तिथेच केला, आत्या पोरीच्या पायथ्याशी झोपली, स्लॅबखाली. सकाळी कोपऱ्यावर सुशीला खाल्ला, चुरमुऱ्यांचा, वर शेव, आणि परत निघालो.

रिकाम्या गाडीचं नाक परत थोडं खाली गेलं होतं. ते होणारच, घाबरू नका. बाकी गाडी मस्त चालली. पैसे फुकट गेले का असं विचाराल, तर गेले नाहीत; माझ्या कमरेला आराम आहे. पण नव्या शॉकअपमुळेच आत्या लातूरला पोचणार असं मी निघण्याआधीच गावभर सांगून ठेवलं होतं, ते आता कुणाला सांगत नाही.

ऋतुजा टिकली आहे. पहिल्यासारखी रडत नाही. डॉक्टर होईल की नाही, मला माहीत नाही. पत्र्याच्या खोलीला कुलूप आहे, वर्षा अधूनमधून उघडून झाडते.

एक नवीन गोष्ट मात्र सुरू झालीय. रोज दिवेलागणीला लातूरहून फोन येतो. ऋतुजा लावून देते. आत्या ना गाडीचं विचारत, ना फुलांच्या भावाचं. ती एवढंच विचारते, "समदे घरी हाव न्हवं?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी बाजारातल्या टपरीवर होतो आणि हो म्हणून मोकळा झालो. रात्रभर ते मनातून जाईना. आता दिवसभर कितीही दमलो असलो तरी टपरीवर थांबत नाही. फोन यायच्या आत घरी येऊन बसतो.